वागळे इस्ट

वागळे इस्टेट ठाणे पश्चिमेला आहे, हे ठाणेकराला सांगावं लागत नाही आणि रिक्षावाल्याला तर नाहीच नाही. पण एखाद्या संगणकी फॉर्ममध्ये पत्त्याच्या ओळीला दहाच घरं ठेवलेली असली, तर तेच नाव ‘वागळे इस्ट’ एवढं उरतं आणि अख्खी औद्योगिक वसाहत कारखान्यांसकट रूळ ओलांडून पूर्वेला जाऊन बसते. हिशोब सरळ आहे. व, काना, ग, ळ आणि मात्रा ही पाच घरं. मधली मोकळी जागा सहावी. मग इ, स, स चा पाय मोडणारी खूण आणि ट. भरली दहा. उरलेली मात्रा आणि शेवटचा ट फलाटावरच राहिले. संगणकाला विचाराल तर त्याचं काहीच चुकलेलं नाही. दहा मागितली, दहा दिली. कुठे लाल अक्षरं उमटली नाहीत, कुठे घंटी वाजली नाही. आणि उरलेला मजकूर इतका शहाण्यासारखा दिसतो की वाचणाऱ्यालाही शंका येऊ नये. लोक अशा वेळी रकान्याला शिव्या देतात: काय हा दळभद्री फॉर्म, दोन घरं जास्त दिली असती तर काय बिघडलं असतं? माझं म्हणणं असं की रकाना निर्दोष आहे. अरुंद असणं हा गुन्हा नाही. न सांगता कापणं हा गुन्हा आहे, आणि तो रकान्याने केलेला नसून रकाना आखणाऱ्याने केलेला आहे.

संगणकाच्या जगात अक्षरांच्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात. ती दोन तऱ्हांची असते. एकीला जन्मतःच लांबी ठरवून दिलेली असते. सहा घरं म्हणजे शेवटपर्यंत सहा. दुसरी मजकुराप्रमाणे वाढते आणि आटते. हल्लीच्या बहुतेक भाषा दुसरीचा वापर करून मोकळ्या होतात. पण ज्यांना जाणकार ‘स्ट्राँगली टाइप्ड’ म्हणतात, त्या भाषा दारातच प्रत्येक वस्तूचा प्रकार विचारतात आणि एकदा सांगितलेला प्रकार नंतर बदलू देत नाहीत. त्यांतली सगळ्यात कडक सोवळ्यातली म्हणजे एडा. (नाव ऐकून ठाण्यात कोणी भलता अर्थ काढू नये, एडा लव्हलेस या विदुषीवरून ते ठेवलेलं आहे.) अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ती हवी होती, झाँ इश्बिया यांच्या चमूने ती आखली आणि १९८३ साली तिचं प्रमाणित रूप ठरलं. या भाषेत स्टेशनच्या नावासाठी सहा घरं राखून ठेवा आणि त्यात रोमन लिपीतलं ‘कल्याण’ घाला: सहा अक्षरं, चपखल बसलं. ‘डोंबिवली’ घाला: आठ अक्षरं, प्रोग्राम तिथल्या तिथे थांबतो आणि ‘कॉन्स्ट्रेंट एरर’ नावाची बोंब ठोकतो. इथवर कोणालाही पटेल. गंमत पुढे आहे. ‘ठाणे’ घाला: रोमनमध्ये पाच अक्षरं, म्हणजे एक घर रिकामं, जागाच जागा. तरीही बोंब! एडाचं म्हणणं असं की सहा म्हणजे सहा. एक जास्त चालत नाही, तसं एक कमीही चालत नाही. मोकळी जागा हवी असेल तर ती तुम्ही स्वतःच्या हाताने टाका, मी माझ्या मनाने टाकणार नाही. निकलाउस विर्थ यांची १९७० ची पास्कल याहून एक पाऊल पुढे होती. तिच्या लेखी पाच अक्षरांची ओळ आणि सहा अक्षरांची ओळ हे दोन वेगळे प्रकारच, त्यामुळे ठाणे आणि कल्याण यांची नुसती तुलना करायलाही मनाई. ब्रायन कर्निगन यांनी १९८१ साली पास्कल आपल्याला का आवडत नाही यावर एक लेखच लिहिला आणि त्यात या हट्टावर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

हा हट्ट बाहेरच्या माणसाला वेडगळ वाटतो. तो कशासाठी आहे हे कळायला मध्य रेल्वेच्या दुसऱ्या वर्गातलं बाकडं पुरेसं आहे. बाकडं तिघांचं. चौथा येतो, ‘जरा सरका’ म्हणतो आणि अर्धा बसतो, अर्धा लोंबतो. ‘सी’ नावाची जगप्रसिद्ध भाषा या चौथ्या सीटवर चालते. तिच्या जुन्या सोयींमध्ये बाकड्याची लांबी मोजण्याची पद्धतच नव्हती. चौथा आला बसवला, पाचवा आला बसवला, सातवा आला तो पलीकडच्या बाकावरच्या माणसाच्या मांडीवर बसला, आणि त्या माणसाच्या हातात जे काही महत्त्वाचं होतं ते चिरडलं. एडा दारात उभी राहून डोकी मोजते. चौघं आले तर चौथ्याला चढूच देत नाही. दोघं आले तर म्हणते, तिसऱ्या जागेवर रुमाल टाका, मग गाडी सुटेल. हा रुमाल म्हणजेच ती हाताने टाकायची मोकळी जागा. रोजच्या प्रवाशाला अशी बाई डब्यात नकोच असेल. पण २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री चौथ्या सीटची किंमत इंटरनेटला कळली. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, ज्या वाटांनी यंत्रांत शिरकाव केला, त्यांतली एक अशी होती: ‘फिंगर’ नावाच्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ घरं राखली होती, आणि त्याहून लांब ओळ आली तर काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. जास्तीचा मजकूर शेजारच्या जागेत सांडला आणि तिथे मालक होऊन बसला. ओळ आत घेणारी ‘गेट्स’ नावाची सीची जी सोय याच्या मुळाशी होती, ती प्रमाण भाषेतून काढून टाकायला २०११ साल उजाडावं लागलं.

आता कोणी म्हणेल, सांडणं वाईट हे मान्य, पण कापल्याने कुठे काय सांडतं? दहा घरांत दहा अक्षरं बसवली, शेजाऱ्याला त्रास नाही, प्रोग्राम चालू राहिला. यात बिघडलं कुठे? बिघडलं ते इतकंच, की प्रोग्राम चालू राहिला. थांबलेला प्रोग्राम माणूस दुरुस्त करतो, चालू राहिलेल्या प्रोग्रामकडे कोणी बघत नाही. मायएसक्यूएल हे जगभर वापरलं जाणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं लांब मजकूर आपल्या मनाने कापून आत ठेवत असे आणि कोपऱ्यात एक इशारा नोंदवत असे; तो इशारा सोसायटीच्या नोटीस बोर्डाइतक्याच उत्साहाने वाचला जाई. २०१५ मधल्या ५.७ आवृत्तीपासून त्यांनी मूळ रिवाजच बदलला: मावत नाही तर नोंद नाकारायची आणि तसं स्पष्ट सांगायचं. जिथे एडा पहिल्या दिवसापासून अडून बसली होती, तिथे बाकीची मंडळी तीसेक वर्षांनी पोचली. एडा कापायला नाही म्हणते असंही नाही. १९९५ च्या सुधारित आवृत्तीत तिने ठरावीक, कमाल मर्यादेची आणि बेलगाम अशा तिन्ही तऱ्हांच्या स्ट्रिंगांची सोय केली, आणि एका ओळीतला मजकूर दुसरीत हलवताना जास्तीचा भाग डावीकडून टाकायचा, उजवीकडून टाकायचा की टाकायचाच नाही आणि तक्रार करायची, हे ठरवायला जागा ठेवली. तुम्ही काहीच बोलला नाहीत तर ती तक्रार करते. कात्री चालवायची असेल तर चालवा, पण तसं लेखी द्या. सरकारी कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला ही वृत्ती ओळखीची वाटेल, आणि यावेळी ती वृत्ती बरोबर आहे.

याच्या सर्वांत चांगल्या पुराव्यासाठी खुद्द वागळे इस्टेटीत रांग लागते. तिथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात ठाणे, कल्याण, डोंबिवलीची माणसं कागदांच्या फायली छातीशी धरून येतात. त्यांना मिळणाऱ्या पुस्तिकेत फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, ज्या माणसांसाठी नसून यंत्रासाठी असतात. प्रत्येक ओळ बरोबर ४४ घरांची, जगभर. पहिल्या ओळीत दोन घरं कागदाच्या प्रकाराला, तीन देशाला, उरली ३९ ती नावाला. आधी आडनाव, मग दोन बाणासारख्या खुणा, मग नाव आणि बाकीचं, प्रत्येकाच्या मध्ये एकेक बाण. आणि नाव संपलं तरी घरं उरली तर तिथेही बाणच बाण. दुसऱ्या ओळीत पासपोर्टच्या नंबराला नऊ घरं आहेत. आपला नंबर एक अक्षर आणि सात आकडे असा आठांचा, म्हणून नवव्या घरात पुन्हा एक बाण. रिकामं घर असा प्रकारच नाही. शिवाय नंबर, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे एकेक पडताळा-आकडा आहे. घरांतल्या अक्षरांना ७, ३, १ या क्रमाने गुणून, बेरजेला दहाने भागून राहिलेली बाकी म्हणजे हा आकडा, आणि मधला एखादा आकडा चुकून बदलला की तो बहुतेक वेळा जागच्या जागी चुगली करतो. आता समजा, ज्ञानेश्वर पुरुषोत्तम सहस्रबुद्धे अशा भारदस्त नावाचा कोणी अर्जदार आहे. सहस्रबुद्धेला रोमनमध्ये तेरा अक्षरं, दोन बाण, ज्ञानेश्वरला अकरा, एक बाण, पुरुषोत्तमला अकरा: एकूण ३८. एक घर राखून सहस्रबुद्धे विमानात बसले! आणि नसते मावले तर? आंतरराष्ट्रीय नियमात त्याचीही तजवीज आहे. कुठलं नाव आखडायचं, किती, आद्याक्षरावर आणायचं का, हे लिहून ठेवलेलं आहे. आणि नाव कापलं असेल तर ओळीचं शेवटचं घर बाणाने न भरता अक्षराने भरायचं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला शेवटी अक्षर दिसलं की त्याने समजायचं, इथे कात्री लागलेली असू शकते. घरं एकोणचाळीसच आहेत, पण ती प्रामाणिक एकोणचाळीस आहेत.

याच सहस्रबुद्ध्यांना आपण रेल्वेत बसवू. आरक्षणाच्या छापील फॉर्मवर नाव पंधरा अक्षरांपेक्षा जास्त नको, असं कंसात बजावलेलं असतं. बजावलेलं असतं हे महत्त्वाचं, कारण काय वगळायचं हे ठरवायची संधी प्रवाशाला मिळते, तो ‘डी सहस्रबुद्धे’ लिहितो आणि सुखाने झोपतो. हीच मर्यादा न सांगता लादली असती, तर पंधराव्या घरावर गाडी ‘ज्ञानेश्वर सह’ इथे येऊन थांबली असती, आणि तपासनीसाने ‘सह कोण?’ म्हणून दुसऱ्या प्रवाशाचं तिकीट मागितलं असतं. स्टेशनांच्या नावांचंही रेल्वेने असंच समजूतदारपणे केलं आहे: ठाण्याला टीएनए, कल्याणला केवायएन, आणि आठ अक्षरी डोंबिवलीची बोळवण फक्त डीआय या दोन अक्षरांवर. डोंबिवलीकरांनी त्यावर आजवर मोर्चा काढलेला नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेला संक्षेप आणि कोणाच्या तरी निष्काळजीपणाने उडालेलं शेपूट, यांतला फरक डोंबिवलीत सर्वांना कळतो.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: हे सगळं पंचकार्डांच्या काळातलं दुखणं आहे. तेव्हा एका कार्डाला ऐंशी रकाने असायचे, म्हणून वर्षाचे दोन आकडे वाचवले आणि शतक संपताना त्याचं प्रायश्चित्त घेतलं. आज मेमरी कवडीमोल आहे. सगळीकडे बदलत्या लांबीची स्ट्रिंग ठेवा, हवी तेवढी वाढू द्या, प्रश्न मिटला. ऐकायला बरं वाटतं. पण मेमरी स्वस्त झाली म्हणून पासपोर्टचं पान रुंद झालेलं नाही. कुरिअरचं लेबल तेवढंच आहे, दाराच्या पाटीची जागा तेवढीच आहे, बँकेच्या कार्डाच्या चुंबकीय पट्टीत नावाला जास्तीत जास्त २६ अक्षरं मिळतात ती तेवढीच. अमर्याद स्ट्रिंग प्रश्न सोडवत नाही, पुढच्या टेबलावर ढकलते. फॉर्म भरताना सगळं नाव आनंदाने आत घेतलं जातं. वर्षभराने ते छापायची वेळ येते तेव्हा शेवटच्या यंत्राला कात्री चालवावी लागते, आणि तिथे अर्जदार हजर नसतो. कडक भाषा हा वाद पहिल्याच टेबलावर उकरून काढते. ती विचारते, किती? तुम्ही म्हणता, बघू पुढे. ती म्हणते, आत्ताच बघू. प्रोग्रामरला याचा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्याला शुक्रवारी संध्याकाळी काम संपवून ५:४२ पकडायची आहे त्याला तत्त्वचर्चा नको असते.

शिवाय लांबीआधी एक प्रश्न येतो, तो प्रकाराचा, आणि वागळे इस्टेट त्याचं उत्तम उदाहरण आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही. तिथल्या रस्त्यांना पुढाऱ्यांची नावं न देता नंबर दिले: रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८. नियोजनकाराचं स्वप्नच. कोणीही सरळमार्गी प्रोग्रामर म्हणेल, रस्त्याचा नंबर म्हणजे पूर्णांक, दोन आकडे पुरेत. मग त्याला कोणीतरी रोड नंबर १६-झेडचा पत्ता देतं. हा रस्ता खरा आहे, त्यावर आयटी पार्क आहे, आणि त्या आयटी पार्कमध्ये बसलेल्या मुलांनीच बहुधा कुठल्या तरी दूरदेशीच्या ग्राहकासाठी रस्त्याचा नंबर पूर्णांक ठेवलेला असतो. कडक भाषेत १६-झेड पूर्णांकाच्या रकान्यात शिरूच शकत नाही. ढिल्या भाषेत तो १६ होऊन शिरतो आणि कुरिअरवाला उन्हात चकरा मारतो. ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नव्हे, ती आकड्यांच्या वेषातली स्ट्रिंग असते. कल्याण-डोंबिवलीचा टेलिफोन कोड ०२५१ स्प्रेडशीटमध्ये टाकून बघा. शून्य खाऊन २५१ उरतो आणि दुसऱ्या टोकाला भलताच माणूस ‘हॅलो’ म्हणतो. उलट जिथे लांबी खरोखरच ठरलेली आहे तिथे ती ठरलेलीच ठेवावी. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिन कोड सहा आकड्यांचा आहे. वागळे इस्टेटीचा ४००६०४. तिथे पाच आकडे आले तर चूक, सात आले तर चूक, आणि एडाचा तो ‘सहा म्हणजे सहा’ हा हट्ट तिथे शंभर टक्के शहाणपणाचा. वेलणकर संस्कृत कवी होते. छंदात लिहिणाऱ्या माणसाला मात्रा मोजून ठेवायचं काय ते महत्त्व सांगावं लागत नसणार.

मराठीत मात्र ‘किती’ विचारण्याआधी ‘काय किती’ हे विचारावं लागतं, आणि इथे भल्याभल्या भाषांची भंबेरी उडते. ‘वागळे इस्टेट’ हे नाव देवनागरीत युनिकोड या अक्षरांच्या जागतिक तक्त्याच्या हिशोबाने बारा घरांचं, आणि योगायोग असा की रोमन लिपीतही बाराच. पण साठवणुकीच्या सगळ्यात रुळलेल्या पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडायची खूणही वेगळी. त्यामुळे इंग्रजी पत्ता १२ बाइटांत आटोपतो आणि मराठी पत्त्याला ३४ लागतात. वीस बाइटांचा रकाना आखणाऱ्याला वाटतं, आपण उदार आहोत. मराठी माणूस त्यात ‘वागळे इ’ एवढंच लिहून होतो, आणि पुढच्या स चा एक तृतीयांश तुकडा आत अडकून शंकरपाळ्याच्या आकाराच्या काळ्या चौकटीत पांढरं प्रश्नचिन्ह होऊन बसतो. रोमन लिपीतल्या एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीचं एक अक्षर आत आलं की ७०. म्हणजे पाणी कधी येणार नाही हे पालिकेने मराठीत कळवायचं ठरवलं तर निम्म्याहून कमी जागेत कळवावं लागणार. डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजावीत तर तोही वाद आहेच. ‘ज्ञानेश्वर’ मध्ये शाळकरी पोरही चार अक्षरं मोजेल: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या नियमाप्रमाणे २०२३ पर्यंत ती सहा होती, कारण जोडाक्षर हे एक अक्षर धरायचं ही गोष्ट त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत नियमाला कळली. ज्ञानेश्वरांना सातशेहून अधिक वर्षं थांबावं लागलं. या गोंधळातही कडक भाषांचीच वागणूक बरी दिसते. रस्ट नावाच्या अलीकडच्या भाषेत ‘ठाणे’ या बारा बाइटांच्या शब्दाचे पहिले दहा बाइट मागा. दहाव्या बाइटनंतरचा छेद मात्रेच्या मध्यात पडतो, हे पाहून ती प्रोग्राम बंद पाडते, पण मोडकं अक्षर हातात देत नाही. स्विफ्टमध्ये लांबी विचारली तर ती डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजते आणि वागळेंना तीन म्हणते. दोघींची उत्तरं वेगळी आहेत, पण आपण काय मोजतो हे दोघी सांगतात.

या सगळ्यावर अभ्यासू वाचकाच्या भात्यात एक बाण शिल्लक असणार, तोही काढून टाकू. एवढी जर एडा कडक, तर ४ जून १९९६ रोजी तिच्यातच लिहिलेला प्रोग्राम घेऊन निघालेलं युरोपचं एरियन-५ हे रॉकेट उड्डाणानंतर सदतीस सेकंदांच्या आसपास भरकटलं आणि फुटलं कसं? ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या रकान्यात कोंबताना ते झालं, म्हणजे दुखणं आपलंच: मोठी वस्तू, छोटं घर. पण चौकशीत काय निघालं ते पाहावं. एडाने बोंब मारली होती. ती ऐकायची व्यवस्था त्या एका ठिकाणी मुद्दाम ठेवलेली नव्हती, कारण एरियन-४ या आधीच्या रॉकेटात ही संख्या कधीच एवढी मोठी होत नसे आणि संगणकावरचा भारही कमी ठेवायचा होता. बोंब ऐकायला कोणी नाही म्हटल्यावर दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली, आणि तिची जोडीदारही त्याच कारणाने त्याआधीच बंद पडलेली. यावरून कडकपणा निरुपयोगी ठरतो असं मला वाटत नाही. पहारेकऱ्याने शिट्टी मारली आणि घरचे झोपून राहिले, तर पहारेकऱ्याचा पगार कापायचं कारण नाही. एवढं मात्र कबूल करायला हवं की भाषा फक्त विचारू शकते. उत्तर देणारा माणूस ‘इतकं मोठं कधी येतच नाही’ म्हणाला की तिचा नाइलाज होतो. आणि ‘इतकं मोठं कधी येतच नाही’ हे वाक्य रॉकेटवाल्यांपासून सोसायटीच्या नावांची यादी करणाऱ्या सेक्रेटरीपर्यंत सगळे सारख्याच आत्मविश्वासाने म्हणतात.

ते मोठं आता महाराष्ट्रात आलं आहे. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. निर्णय उत्तम आहे, त्याला इतका उशीर का झाला एवढाच प्रश्न. पण आपले ज्ञानेश्वर त्या तारखेनंतर जन्मले आणि आईचं नाव शकुंतला असलं, तर पूर्ण नाव मोकळ्या जागांसकट रोमनमध्ये ४८ अक्षरांचं होतं. ही चारही नावं उद्या पासपोर्टच्या त्या तळओळीत घ्यायची म्हटली, तर सहस्रबुद्धे, ज्ञानेश्वर आणि शकुंतला मधल्या बाणांसह ३७ घरं घेतात, अडतिसाव्यात बाण येतो आणि एकोणचाळिसाव्यात पुरुषोत्तमरावांचा फक्त ‘पी’ उभा राहतो. आजवर आईला जागा नव्हती, आता वडील एका अक्षरावर आले. आणि शेवटच्या घरातलं अक्षर असल्यामुळे तो ‘पी’ जगाला सांगतोही की इथे कापाकाप झालेली आहे. पासपोर्टला हे जमतं. शाळांच्या दाखल्यांना, परीक्षांच्या प्रवेशपत्रांना, पालिकांच्या आणि बँकांच्या रकान्यांना जमेल का, हे ज्याने त्याने आपापला रकाना उघडून पाहावं: किती घरं आहेत, ती बाइट आहेत की अक्षरं, आणि एकोणपन्नासावं आलं तर आतून काही आवाज येतो का. मे २०२४ मध्ये जन्मलेली मुलं दहावीच्या परीक्षेला साधारण मार्च २०४० मध्ये बसतील. दुरुस्तीला तेवढा वेळ आहे. वागळे इस्टेटीतल्या मंडळींनी यंदापासूनच सुरुवात करावी.